वीतभर डावीकडे

१

वेइयो कार्पिनेनने चार गोळ्या झाडल्या आणि चारही मूसच्या पोटात गेल्या.

मूस, म्हणजे उत्तरेकडचं ते घोड्याएवढं हरीण, कागदाचा होता, त्यामुळे त्याला काही वाटलं नाही. वेइयोला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. होंकावाराच्या चांदमारीच्या मैदानावर छातीवरच्या गोलात चारही गोळ्या बसल्या की माणूस शिकारीच्या परीक्षेत पास. गोलाबाहेर गेल्या तर नापास, त्यातही काही लाज नाही. पण पोटात मारणं म्हणजे जनावराचे हाल आणि मांसाची नासाडी. तसल्या माणसाचं नाव गावात नातवंडांपर्यंत निघतं.

"वीतभर डावीकडे," दुर्बिणीतून बघत ताइमी युंतुनेन म्हणाली. ताइमी गुरांची डॉक्टर होती. निवृत्त झाल्यावर गावाने तिला यंदा पहिल्यांदाच शिकारप्रमुख केलं होतं, आणि परीक्षा घेण्याचं कामही तिच्याच गळ्यात पडलं होतं.

गंमत अशी की आदल्याच दिवशी, शनिवारी, हाच वेइयो ह्याच बाकावर बसून हीच नवीकोरी रायफल आणि तिच्यावरची हीच नेमाची नवी दुर्बीण तपासून गेला होता. तेव्हा तीन गोळ्यांची तीन भोकं एकमेकांना चिकटून गोलाच्या ऐन मध्यात पडली होती. तो कागद त्याने मैदानावरच्या प्रत्येकाला दाखवला, आणि माणसं संपल्यावर कुणाच्या तरी कुत्र्यालाही दाखवला.

"दुर्बीण कुणीतरी फिरवलीय," वेइयो उठून उभा राहिला. "कुणीतरी कशाला म्हणू? सुलोने फिरवलीय."

शेकोटीवर सॉसेज भाजणाऱ्या मंडळींनी माना वळवल्या. सुलो हेइकुरा त्यांच्यातच बसला होता. वेइयोचा शेजारी, आणि अंगणात रांगत होते तेव्हापासूनचा मित्र.

"सकाळी गाडीतून उतरलो तर हा माझ्या कानाशी येऊन म्हणतो, 'आज ह्या रायफलीने मारू नकोस.' मी म्हटलं, का रे? तर गप्प. आता सांगा, ती चुकणार हे ह्याला आधीच कसं कळलं? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. कपटी आहे हा."

सगळे सुलोकडे बघत राहिले. सुलोने बोटाला लागलेली मोहरीची चटणी पुसली, सॉसेज पानावर ठेवलं.

"म्हणालो खरं तसं," तो म्हणाला. "का म्हणालो ते सांगणार नाही. आणि मी कपटी असेन तर माझं जंगलही कपटीच असणार. ते तुमच्यात नको. दुपारच्या शिकारीच्या सभेत तसं सांगून टाकतो."

तो उठला आणि लांबच्या ओंडक्यावर जाऊन पाठ करून बसला.

२

सुलोचं जंगल गेलं तर काय होईल, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. ते गावाच्या शिकारीच्या जमिनीच्या ऐन पोटात होतं. ते काढलं की उरलेल्या जमिनीचे दोन तुकडे, आणि तुकड्यांवर मूसचा परवाना चालत नाही. म्हणजे यंदा शिकार नाही, थंडीत कुणाच्या घरी मांस नाही, शिकारीनंतर साऱ्या गावाची जी पंगत बसते तीही नाही. आणि ते सगळं ताइमीच्या पहिल्याच वर्षी.

पण खरं सांगायचं तर ताइमीला मांसापेक्षा त्या दोघांचं जास्त लागलं. वेइयो आणि सुलो एकमेकांशी बोलत नाहीत असं होंकावारा तिने पाहिलंच नव्हतं, आणि पाहायची इच्छाही नव्हती.

"सभेपर्यंत कुणी कुणाला काही म्हणायचं नाही," तिने सांगितलं. "वेइयो, तू आर्वोची रायफल घे आणि परीक्षा देऊन मोकळा हो. तुझी माझ्याकडे राहू दे. काडतुसं मात्र तुझीच वापर."

वेइयोने फुरंगटूनच आर्वोच्या रायफलीने चार गोळ्या मारल्या. चारही गोलात. म्हणजे डोळा ठीक, हात ठीक, काडतुसंही ठीक. दुखणं रायफलीतच होतं.

आर्वो पीराइनेन हा बंदुकांचा दुकानदार. रायफल त्याने विकली होती आणि दुर्बीणही शनिवारी त्यानेच बसवून दिली होती. ताइमीने त्याला मैदानाच्या कडेच्या झोपडीत बोलावलं तेव्हा तो घामाघूम होता.

"डॉक्टरीणबाई, माझं नाव खराब होईल हो," तो आल्याआल्याच म्हणाला. "पण मी स्क्रू नीट आवळलेत. हे बघा, प्रत्येक स्क्रूवर लाल ठिपका. वेइयोच्या लेंपीचं नेलपॉलिश मागून घेतलं होतं. स्क्रू केसभर जरी हलला तरी ठिपका तडकतो."

ताइमीने भिंग लावलं. ठिपके शाबूत होते. दुर्बिणीवरच्या नेम सरकवायच्या चकत्याही शनिवारी होत्या तिथेच.

"दुर्बीण आतून बिघडली असेल?"

"तर मग गोळ्या शिंपडल्यासारख्या पडतील. एक इकडे, एक तिकडे."

हे मात्र खरं होतं. ताइमीने पोटातल्या त्या चार भोकांवर कॉफीचा कप ठेवला होता, आणि चारही त्याखाली झाकली गेली होती. रायफल चुकत नव्हती. ती अगदी नेमाने, न चुकता, चुकीच्या जागी मारत होती.

"शनिवारी आणखी काय तपासलंस?"

"नळी आणि लाकडी दस्ता ह्यांच्यामध्ये फट आहे का ते. पातळ कागद घालून पुढून मागपर्यंत ओढला. लोण्यातून सुरी जावी तसा गेला." आर्वोने कपाळावरचा घाम पुसला. "दस्ता माझ्या दुकानातला नाही. तो वेइयोने स्वतः कोरलाय, अंगचीच नक्षी असलेल्या बर्चच्या लाकडाचा. चांगला कोरलाय, मी नाही म्हणत नाही. पण एक सांगू? ते लाल नेलपॉलिश काल संध्याकाळी लेंपीकडे परत गेलं. स्क्रू फिरवून कुणाला नवा ठिपका लावायचा असेल तर बाटली घरातच होती."

३

वेइयोची बायको लेंपी कॉफी ओतायच्या टेबलामागे उभी होती आणि वेलचीच्या पावाचे तुकडे करत होती. ताइमीने आडवळण न घेता विचारलं.

"मी?" लेंपीने सुरी खाली ठेवली नाही. "डॉक्टरीणबाई, अख्खी थंडी त्या माणसाने माझ्या स्वयंपाकघरात बसून लाकूड कोरलं. लापशीत भुसा, अंथरुणात भुसा. त्याला मी विचारलं, हिचं नाव काय ठेवणार आहेस, तर लाजला. मला ती बिघडवायची असती तर मी स्क्रू फिरवत बसले असते? सरळ तळ्यात टाकली असती."

"टाकावीशी वाटली?"

"रोज. पण तो इतका खूश होता की हात उचलेना."

ताइमी हसली आणि पाव खाल्ला. "काल संध्याकाळी काय झालं ते सांग."

"काय व्हायचंय? मैदानावरून तो परस्पर सुलोकडे गेला, रायफल दाखवायला. उशिरा आला, तोंड लालबुंद, केस ओले, शिट्टी वाजवत. रायफल कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात. रात्री झोपेतही किल्ली हातात धरून होता. सकाळी तिथून थेट इथे." तिने पावाचे तुकडे ताटलीत लावले. "हां, बंदुकीची पिशवी मी चुलीपाशी वाळत घातली. आतून दमट लागली."

"काल पाऊस नव्हता."

"नव्हता. कडाक्याची थंडी आणि चांदणं. मला वाटलं, ह्याने बर्फात टेकवून ठेवली असेल. पण बर्फ तरी कुठे पडलाय अजून?"

पिशवी आतून ओली, बाहेरून कोरडी. ताइमीने तेवढंच मनात ठेवलं आणि ओंडक्याकडे निघाली. सभेला फारसा वेळ उरला नव्हता.

४

सुलो पाइन झाडांकडे बघत बसला होता. ताइमी शेजारी बसली. सुलोच्या गोठ्यातली निम्मी वासरं तिच्या हातांनी जगात आली होती, त्यामुळे दोघांना गप्प बसायची सवय होती.

"दुर्बिणीला हात लावलास?" शेवटी तिने विचारलं.

"एकदा. आतून बघितलं. म्हटलं, छान आहे, चर्चच्या कळसावरचा कोंबडा दिसतो. त्याने लगेच काढून घेतली, लहान पोर खेळणं काढून घेतं तशी."

"मग चुकणार हे कसं कळलं?"

"ते नाही सांगणार."

"सुलो, तुझ्यावर आळ आलाय. तू जंगल काढून घेतलंस तर लोक तुलाच दोषी धरतील."

"धरू देत."

"वेइयोने काही वाईट केलंय आणि तू झाकतोयस?"

सुलोने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग होता, पण तोंडाच्या कोपऱ्यात भलतंच काहीतरी होतं. ताइमीने नीट पाहिलं, आणि ते हसू होतं हे तिला कळलं. तो महत्प्रयासाने ते दाबून बसला होता.

"वाईट नाही," तो म्हणाला. "पण मी बोलणार नाही, डॉक्टरीणबाई. मला ह्या ओंडक्याला बांधून ठेवलं तरी नाही. माझ्या घरात तसं चालत नाही."

५

वेइयो झोपडीत येरझारा घालत होता.

"कबूल झाला?"

"बस आधी. ती रायफल काल कुठे कुठे होती ते सांग."

"मैदान. मग सुलोचं घर. मग माझं कपाट." वेइयोने छाती पुढे काढली. "आणि सुलोकडे असताना, ताइमी, मी तिला एक क्षण नजरेआड केलं नाही. एक क्षण. शपथेवर सांगतो."

"मग सुलोने दुर्बीण फिरवली कधी?"

वेइयोने छाती परत आत घेतली. "ते... ते तू शोधायचंस."

"दस्त्याला तेल लावलंस ना?"

"जवसाचं. इतके हात दिले की आरसा झालाय. बघ, तुझं नाक दिसेल."

"आणि आतून? नळी बसते त्या खाचेत?"

"आत कोण बघतंय?" वेइयो म्हणाला. "हंगाम तोंडावर आला होता."

ताइमी खिडकीशी गेली. लंगडणाऱ्या गाईचा खूर ठणठणीत निघाला तर खांदा बघायचा, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. दुर्बीण ठणठणीत होती. मग दस्ता. पण दस्त्याला काल रात्री झालं काय? पिशवी दमट, पाऊस नाही. सुलो बोलत नाही, कारण त्याच्या घरात तसं चालत नाही. वेइयोने तिला नजरेआड केलं नाही, आणि वेइयो फुशारक्या मारतो पण खोटी शपथ घेत नाही.

तिने स्वतःलाच विचारलं, बाई, तू काल संध्याकाळी काय केलंस? जेवले, कॉफी प्याले, बहिणीशी फोनवर बोलले, झोपले. एवढं आठवून झालं आणि ती स्वतःशीच खुदकन हसली. तिनेही सॉना गाळला होता, दर शनिवारचं ते तापल्या लाकडी खोलीत वाफ घेत बसणं. शनिवारी काय केलं असं विचारलं तर होंकावारात कुणीही माणूस सॉना सांगणार नाही, कारण दिवसभरात श्वास घेतला हेही कुणी सांगत नाही. काल शनिवार होता. सुलोकडे सॉना तापलेला होता. वेइयो घरी आला तो लाल तोंडाने आणि ओल्या केसांनी.

आणि त्याने रायफल एक क्षणही नजरेआड केली नव्हती.

"वेइयो," ती वळली, "तू बंदूक घेऊन सॉनात बसलास?"

कान आधी लाल झाले, मग मान, मग बाकीचा वेइयो.

"कुणी सांगितलं? सुलोने?"

"सुलोने तोंड उघडलं नाही. तूच सांगितलंस, आत्ता, शपथेवर."

ताइमीने पावावरचा पातळ कागद फाडून नळी आणि दस्त्याच्या मध्ये सरकवला. थोडा गेला आणि उजव्या बाजूला अडकला. तिने ओढला तर फाटला. आतल्या कोऱ्या लाकडाने रात्री वाफ पिऊन अंग फुगवलं होतं, आणि आता ते उजवीकडून नळीला रेटत होतं.

"तेल बाहेरून लावलंस, वाफ आतून शिरली. दस्ता नळीला डावीकडे ढकलतोय. म्हणून वीतभर डावीकडे. कुणी काही फिरवलं नाही रे बाबा. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

वेइयो बाकावर बसला. त्याने फाटलेला कागद उचलून बोटांत धरला.

"सुलोच्या सॉनाच्या बाहेरच्या, कपडे काढायच्या खोलीला कडी नाही," तो हळूच म्हणाला. "बंदूक तशी सोडता येत नाही, कायदाच आहे. म्हणून आत नेली." मग त्याने सुस्कारा सोडला. "खोटं कशाला बोलू. मला तिला सोडवेना. खालच्या बाकावर मांडीवर घेऊन बसलो. वर टॉवेल पांघरला. सुलो म्हणाला, लेका, तिला थंडी वाजतेय का? पण त्याने तापल्या दगडांवर पाणी कमी टाकलं. नेहमी जीव जाईस्तोवर टाकतो. काल तिच्यासाठी कमी टाकलं."

"सॉनातलं सॉनात राहतं," ताइमी म्हणाली. "म्हणून तो सकाळी फक्त मारू नकोस म्हणाला. त्याला कळलं होतं की लाकडाने वाफ धरली असणार. पण कारण सांगितलं असतं तर गाव तुझ्या नावाने जन्मभर हसलं असतं. त्यापेक्षा त्याने कपटी म्हणवून घेतलं."

बाहेर सभेसाठी लोक बाकं ओढत असल्याचा आवाज येत होता.

"मी कुणाला सांगायला बांधलेली नाही," ताइमी म्हणाली. "दस्ता वाळेल, आतून तेल लावशील, ती पुन्हा सरळ मारेल. थंडीने फुगली एवढं म्हटलंस तरी लोक मानतील. पण सुलो तिकडे पाठ करून बसलाय. काय करायचं ते तूच ठरव."

६

वेइयो सभेत उभा राहिला तेव्हा सुलो आधीच उभा होता, टोपी हातात घेऊन, जंगलाचं बोलायला.

"तू थांब," वेइयो त्याला म्हणाला. "आधी मी."

आणि त्याने सगळं सांगितलं. कडी नसलेली खोली सांगितली, खालचा बाक सांगितला, मांडी सांगितली. टॉवेलपाशी आल्यावर आर्वोने विचारलं, कोणत्या रंगाचा, आणि मग जे हसू फुटलं ते आवरेचना. लेंपी टेबलाला धरून खाली बसली. एका म्हाताऱ्याची कवळी शेकोटीत पडता पडता वाचली. वेइयो मधोमध उभा राहून ते सगळं अंगावर घेत होता. पुढची वीस वर्षं हे ऐकावं लागणार हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याने एक शब्द गाळला नाही.

सुलो हसला नाही.

"मी तुला कपटी म्हणालो," वेइयो त्याच्याकडे वळून म्हणाला.

"म्हणालास."

"माझं चुकलं."

सुलोने टोपी डोक्यावर घातली, काढली, परत घातली. 

"सुलो," ताइमीने विचारलं, "तू सकाळीच खरं सांगितलं असतंस तर एवढं झालंच नसतं. एवढं का ओढवून घेतलंस?"

"दोन वर्षांपूर्वी त्याच सॉनात मी काय केलं होतं, ते ह्याने पाहिलंय," सुलो म्हणाला. "आजवर कुणाला बोलला नाही. मग मी कसा बोलू?"

 वेइयोच्या तोंडात तीळ भिजत नाही हे होंकावारात शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं. पाळण्यातल्या बाळाचं नाव आईबापाआधी त्याने गावात सांगितलं होतं. तो माणूस दोन वर्षं काहीतरी पोटात धरून बसला होता, ह्यावर विश्वास बसायला लोकांना वेळ लागला.

"काय केलं होतंस रे?" लेंपीने विचारलं.

सुलोने वेइयोकडे पाहिलं. वेइयोने शेकोटीकडे पाहिलं.

"वेइयो, मी तुझी बायको आहे."

"हो," वेइयो म्हणाला, आणि पुढे काही बोलला नाही.

मग गलका उठला. कुणी अंदाज बांधले, कुणी पैजा लावल्या, आर्वोने तर दोन काडतुसांच्या पेट्या फुकट देऊ केल्या. दोघं मित्र एकाच ओंडक्यावर शेजारी शेजारी बसले आणि सॉसेज भाजायला लागले, जसं काही कान नावाचा अवयव त्यांना दिलेलाच नाही.

"सभा उरकू या," ताइमी म्हणाली. "हेइकुरांच्या जंगलाचं काय?"

"जंगल कुठे जाणार आहे?" सुलो म्हणाला. "आहे तिथेच आहे. तुम्ही या."

ताइमीने त्या दोघांच्या पाठींकडे पाहिलं. तिच्या मनात आलं, जरा डोकं चालवलं, चार माणसांना विचारलं, तर दोन वर्षांपूर्वीचं तेही संध्याकाळपर्यंत सुटेल. तिने आपला कप कॉफीने भरून घेतला आणि त्या दोघांना सरकायला सांगून त्यांच्याजवळ बसली. काहीही न विचारता.